नाडीवरचे बोट

शालीबंड्याहून किंवा हुसेनी आलमहून सुलतान बाजाराकडे येताना नया पूल ओलांडला की अफझलगंज लागते आणि मुसीच्या काठाने उस्मानिया इस्पितळाचे घुमट दिसू लागतात. त्या वास्तूच्या आधी याच परिसरात जुने अफझलगंज इस्पितळ होते. १९०८ च्या पुराने ते नेले. पुराच्या त्या दिवशी चिंचेच्या एका झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली, ही हकिकत आमच्या प्रत्येक घरात कोणा ना कोणा वडीलधाऱ्याने सांगितलेली असते. परंतु त्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधी येथील डॉक्टरांनी साऱ्या वैद्यकीय जगाचे लक्ष हैदराबादकडे वेधून घेणारा एक वाद निकालात काढण्याचा प्रयत्न केला होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी मृत्यू माणसाच्या शरीरात कोणत्या दाराने शिरतो, असा तो वाद होता.

१८४७ साली एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म वापरात आणले आणि शस्त्रक्रियेतील यातनांतून माणसाची सुटका झाली. तीन महिनेही उलटले नव्हते, तोच २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडातील न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. एका नखासाठी जीव गेला. त्यानंतर असे मृत्यू होतच राहिले आणि डॉक्टरांत दोन तट पडले. लंडनचे लोक म्हणत, क्लोरोफॉर्म हृदय बंद पाडते, म्हणून भूल देणाऱ्याने नाडीवरचे बोट काढता कामा नये. एडिंबरोच्या साइम यांच्या परंपरेतले लोक म्हणत, आधी थांबतो तो श्वास; नाडीकडे पाहत बसाल तर श्वासाकडे दुर्लक्ष होईल. साइम यांचे शिष्य एडवर्ड लॉरी हे हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन होते. त्यांच्या पुढाकाराने १८८८ साली पहिले क्लोरोफॉर्म कमिशन बसले. 'लॅन्सेट' या नियतकालिकाने त्याच्या निष्कर्षांविषयी शंका घेतली, तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले आणि 'लॅन्सेट'नेच आपला तज्ज्ञ पाठवावा असे आव्हान दिले. त्याप्रमाणे १८८९ च्या हिवाळ्यात लॉडर ब्रंटन लंडनहून येथे आले. शेकडो कुत्री, शिवाय माकडे, शेळ्या, घोडे यांच्यावर प्रयोग झाले. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज ज्यांचे नाव घेतले जाते त्या रूपाबाई फर्दुनजी या हैदराबादच्या पारशी विद्यार्थिनीही त्या कामात होत्या.

निकाल असा लागला की श्वास नेहमी हृदयाच्या आधी थांबतो. सबब भूल देणाऱ्याने केवळ श्वासावर लक्ष ठेवावे. हृदयाकडून थेट धोका नाही. लंडनहून शंका घेऊन आलेले ब्रंटन हैदराबादचे मत घेऊन परतले.

हा निकाल चुकला होता. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवले की भूल हलकी असताना अ‍ॅड्रिनलिन रक्तात उसळले तर क्लोरोफॉर्मने हळवे झालेले हृदय थरथरू लागते आणि क्षणात बंद पडते. श्वासाची वाट ते पाहत नाही. हैदराबादच्या मंडळींनी कसूर केली असे आम्हांला वाटत नाही. त्यांनी केले ते मनापासून आणि मोजमाप करून केले. परंतु प्राण्यांना त्यांनी बहुतेक वेळा भरपूर क्लोरोफॉर्म दिले, आणि भरपूर क्लोरोफॉर्मने श्वासच आधी जातो. धोका होता तो अर्धवट भुलेत, धास्तावलेल्या अवस्थेत. तेथे त्यांनी पुरेसे पाहिले नाही. त्यांच्या सांगण्यावरून किती ठिकाणी नाडीवरचे बोट निघाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा हिशेब आता लागणार नाही.

हे सारे आठवण्याचे कारण आमच्या घरातले आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या आत्या न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेले. इस्पितळात शस्त्रक्रियेपूर्वी नेहमीच्या तपासण्यांबरोबर रक्ताची आणखी एक तपासणी झाली, तिचे नाव एनटी-प्रोबीएनपी. अहवाल आल्यावर डॉक्टरांनी आम्हांला व्हरांड्यात बोलावले. आकडा सतराशेच्या घरात होता. या आकड्याच्या लोकांत हाडाची शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी पुढच्या महिनाभरात हृदयाचे काही बिघडण्याचा धोका बराच असतो, असे त्यांनी सांगितले. अमेरिकेतल्या चुलतभावाला फोन लागला. व्हरांड्यात आम्ही चौघे आणि फोनमध्ये तो, असा पाच जणांचा निर्णय झाला: आत्यांना काही सांगायचे नाही. संमतिपत्रावर आमच्यातल्याच एकाने सही केली. आत्या शुद्धीवर होत्या, चष्मा उशाशी होता, आणि सही करणारा हात तर त्यांचा कधीच थरथरत नसे.

हा आकडा सांगतो तरी काय, हे आधी पाहिले पाहिजे. हृदयाच्या कप्प्यांवर ताण आला की त्यांच्या भिंतीतून एक संप्रेरक रक्तात उतरते, ते बीएनपी. एनटी-प्रोबीएनपी हा त्याचाच सोबती तुकडा. १९८८ साली, म्हणजे आपल्या पहिल्या कमिशननंतर बरोबर शंभर वर्षांनी, जपानी शास्त्रज्ञांना ते प्रथम डुकराच्या मेंदूत सापडले. त्यामुळे त्याच्या नावातला 'बी' आजही मेंदूचा आहे, जरी ते मुख्यतः हृदयात तयार होते. दुसरी खूण ट्रोपोनिनची. हे हृदयाच्या स्नायूतले प्रथिन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात झिरपते. शस्त्रक्रियेनंतर माणूस वेदनाशामकांच्या अमलाखाली असतो. छातीत दुखले तरी कळत नाही, दुखण्याचा आरोप टाक्यांवर जातो. पित्ताशय, प्रोस्टेट, आतडे, खुबा अशा हृदयाशी संबंध नसलेल्या शस्त्रक्रियांनंतर हृदय मुकाट्याने जखमी होते, हे म्हणूनच फार उशिरा उमगले.

कॅनडातील मॅक्मास्टर विद्यापीठाचे डेव्हरो आणि त्यांचे सहकारी यांनी 'व्हिजन' नावाचा जो प्रचंड अभ्यास केला त्यात भारतातलेही रुग्ण होते. २०१७ साली त्यातील २१,८४२ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला, सर्व पंचेचाळीस वर्षांवरील. तीस दिवसांत एकूण १.२ टक्के दगावले. परंतु शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत ज्यांचे ट्रोपोनिन पाचाच्या आत राहिले त्यांच्यात हे प्रमाण हजारी एक होते, वीस ते पासष्टमध्ये ३ टक्के, पासष्ट ते हजारमध्ये ९.१, आणि हजारावर गेलेल्यांत २९.६ टक्के. ज्यांच्या हृदयाला अशी इजा झाली त्यांतल्या ९३ टक्के लोकांना छातीत दुखणे किंवा तत्सम कोणतेही लक्षण जाणवले नव्हते. २०२० साली १०,४०२ रुग्णांचा दुसरा वृत्तांत आला, तो शस्त्रक्रियेपूर्वीच्या एनटी-प्रोबीएनपीचा. शंभराच्या आत आकडा असलेल्यांपैकी ५.२ टक्के लोकांना तीस दिवसांत हृदयाची इजा वा रक्ताभिसरणाच्या विकाराने मृत्यू आला. पंधराशेच्या वरच्यांत हे प्रमाण ३७.५ टक्के. यांत इजेचा वाटा मोठा आणि मृत्यूचा लहान, हे विसरता कामा नये. व्हरांड्यात ते आमच्या ध्यानात आले नाही. भ्यालेला माणूस टक्केवारीतला मोठा आकडा आणि वाक्यातला सर्वांत वाईट शब्द यांची गाठ मारतो.

सव्वाशेहून अधिक वर्षांनी का होईना, हैदराबादच्या कमिशनने बंद केलेले दार असे पुन्हा उघडले, असे आम्ही गमतीने म्हणतो. गणित थोडे इकडेतिकडे. नाडीवर बोट परत आले आहे, आणि ते आता स्नायूच्या आत पोहोचते. प्रश्न राहतो तो निराळाच: बोटाला जे कळले ते कोणाचे?

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार झालेला नाही असे नाही. चरकसंहितेचे इंद्रियस्थान हे अख्खे स्थान आसन्न मृत्यूच्या चिन्हांना, अरिष्टांना वाहिलेले आहे. त्याच्या शेवटी वैद्याला बजावलेले आहे की अरिष्ट दिसले तरी न विचारता मरणाची वार्ता सांगू नये. आणि विचारले तरी, सांगितल्याने रोग्याला किंवा दुसऱ्या कोणाला अपाय होणार असेल तर मौन पाळावे. आमच्या वागण्याच्या समर्थनार्थ एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी नेमका हाच आधार दिला. क्षणभर बरे वाटले.

पुढे विचार करता तो आधार टिकेना. अरिष्ट म्हणजे ज्याच्यामागून मरण हटकून येते ते चिन्ह. वैद्याने काही करण्यासारखे उरलेले नसते, म्हणून बोलण्याचा उपयोग नाही आणि उपद्रव मात्र आहे. सतराशेचा आकडा या जातीचा नव्हे. तो शंभर माणसांच्या जमावाविषयी बोलतो. त्यातली आपली आत्या कोणती, हे त्याला ठाऊक नसते. शंभरांतल्या सदतीस जणांना काही होईल आणि त्रेसष्टांना होणार नाही. आत्यांना मात्र यांतले एकच काहीतरी घडणार, आणि ते पूर्णपणे घडणार; कोणीही सदतीस टक्के आजारी पडत नाही. ज्योतिषाच्या भाकिताशी याची गल्लत आम्ही सुशिक्षित म्हणवणाऱ्यांनी केली, कारण आकडा छापील होता.

दुसरे असे की चरक 'विचारले तर' आणि 'न विचारता' असा भेद करतात. आम्ही आत्यांना विचारण्याचीच सोय ठेवली नाही. अशी काही तपासणी झाली आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने प्रश्न विचारायचा कसा? वैद्याचे मौन आणि नातलगांनी लावलेली कडी यांत अंतर आहे. निदान आम्हांला तरी आता तसे दिसते.

विरुद्ध बाजूही हलकी नाही. भीती ही नुसती मनातली गोष्ट नसते. लेव्ही यांच्या मांजरांचे हृदय ज्या अ‍ॅड्रिनलिनने बंद पडले, ते माणूस घाबरला की त्याच्या रक्तात आपसूक उतरते. तेव्हा आदल्या रात्री अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला टक्केवारी ऐकवणे हे निरुपद्रवी सत्यकथन आहे असे जे मानतात, त्यांनी इस्पितळात रात्र काढलेली नसावी. सांगण्याला वेळ, माणूस आणि शब्द लागतात. हे तीनही नसतील तर न बोललेले बरे, हे आम्ही आजही नाकारणार नाही. पण त्या संध्याकाळी आमच्याजवळ वेळ होता, आणि शब्दांच्या बाबतीत तर त्या घरात आत्यांहून समर्थ कोणी नव्हते.

भीती टळली का? नाही. आत्यांनी पुढे सांगितले, "तुमचे चेहरे पाहून मला वाटले, कॅन्सर निघाला. रात्रभर मी त्याचाच विचार करीत होते." म्हणजे नाव असलेली लहान भीती वाचवण्यासाठी आम्ही त्यांना बिननावाची मोठी भीती दिली.

आणखी एक आक्षेप घ्यावा लागेल, आणि तो डॉक्टरांतलेच लोक घेतात: ज्याच्यावर खात्रीचा उपाय नाही ते मोजावे कशाला? एका चाचणीला दीड-दोन हजार रुपये सहज पडतात. मराठवाड्यातून खाटेवर घालून येथे आणलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला तेही जड असतात. कॅनडातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली पासष्ट वर्षांवरील व इतर जोखमीच्या रुग्णांत आधी बीएनपी आणि ते वाढलेले असल्यास नंतर दोन-तीन दिवस रोज ट्रोपोनिन पाहावे असे ठामपणे सांगितले. युरोपीय तज्ज्ञ २०२२ मध्ये त्याच दिशेने गेले. अमेरिकन मंडळी अधिक सावध राहिली. सावधपणाला कारण आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'पॉइज' या चाचणीत ८,३५१ रुग्ण होते, त्यांत भारतीयही. शस्त्रक्रियेच्या वेळी हृदयाचे रक्षण व्हावे म्हणून निम्म्यांना मेटोप्रोलॉल दिले. हृदयविकाराचे झटके खरोखर कमी झाले, ५.७ वरून ४.२ टक्क्यांवर. पण पक्षाघात वाढले, आणि मृत्यूही: २.३ टक्क्यांऐवजी ३.१. हृदय वाचले आणि माणूस गेला. हैदराबादच्या कमिशनने श्वासाकडे पाहताना हृदय सोडले होते. येथे हृदयाकडे पाहताना रक्तदाब आणि मेंदू सुटला. शरीराच्या एका अवयवाशी फार जवळीक झाली की असे होत असावे.

तरीही 'उपायच नाही' हे म्हणणे आता खरे राहिलेले नाही. २०१८ च्या 'मॅनेज' चाचणीत शस्त्रक्रियेनंतर हृदयाला इजा झालेल्या १,७५४ जणांत डॅबिगॅट्रान या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाने मोठे अपाय १५ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आले. खुबा मोडलेल्यांविषयीची 'हिप अटॅक' ही चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. २,९७० रुग्णांपैकी काहींची शस्त्रक्रिया निदानानंतर साधारण सहा तासांत केली, काहींची चोवीस तासांत. एकूण मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. पण ज्यांचे ट्रोपोनिन आधीच वाढलेले होते त्यांच्यात लवकर शस्त्रक्रिया झालेले अधिक वाचले, असे पुढच्या विश्लेषणात दिसले. घरातली समजूत याच्या नेमकी उलट असते: "हृदय कमजोर आहे, चार दिवस थांबू या." आमचा अमेरिकेतला भाऊही हेच म्हणत होता. त्या रात्री डॉक्टरांनी त्याचे ऐकले नाही, हे आत्यांचे भाग्य.

आत्यांच्या बाबतीत आकड्याने नेमके एकच काम केले. तो मोठा होता म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी ट्रोपोनिन पाहिले गेले. दुसऱ्या दिवशी ते वाढलेले निघाले. छातीत दुखत नव्हते, आत्या परिचारिकेचे उच्चार सुधारीत होत्या. अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली, दोन दिवस अधिक ठेवून घेतले, कोणीतरी रात्री तीन वाजता येऊन नाडी पाहून जाई. हे पाहणे हाच उपचाराचा मोठा भाग होता असे आम्हांला आज वाटते. जोखीम सांगणारी ही खूण खरे तर जागत बसणाऱ्याला उद्देशून आहे. आम्ही ती अंथरुणावर पडलेल्याविरुद्ध लागलेला निकाल म्हणून वाचली.

सहा आठवड्यांनी आत्या वॉकर घेऊन काचीगुड्याच्या घरी फिरू लागल्या. एका दुपारी त्यांनी कपाटातून इस्पितळाची फाइल काढली आणि वही तपासावी तशी पहिल्या पानापासून वाचली. संध्याकाळी आम्हांला बोलावून विचारले, "हा आकडा माझा आहे ना? मग तो सगळ्यांना माहीत आणि मलाच नाही, हे कसे?" आम्ही काळजीचे, प्रेमाचे बोललो. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "शस्त्रक्रिया मी करून घेतलीच असती. पण आदल्या रात्री नांदेडला फोन केला असता." नांदेडला त्यांच्या थोरल्या बहीण. वडिलांच्या माघारी दागिन्यांच्या वाटणीवरून दोघी सतरा वर्षे बोलत नव्हत्या. आत्या शस्त्रक्रियेतून उठल्या खऱ्या. पण आमच्या आत्या उठतील की नाही हे ठरण्याच्या त्या रात्री काय महत्त्वाचे, हे आम्ही पाच जणांनी परस्पर ठरवले, आणि आमच्या यादीत नांदेड नव्हते.

आमच्यासारख्या घरांत वडीलधाऱ्यांचा शब्द मोडायचा नाही अशी शिकवण आहे, आणि त्यांना काही कळू द्यायचे नाही अशी रीतही आहे. दोन्ही गोष्टी आम्ही आदर या एकाच नावाने चालवतो.

त्यानंतर आत्या दोन वर्षे आणि काही महिने जगल्या. मधल्या काळात पित्ताशयातल्या खड्यांनी त्यांना फार हैराण केले आणि पुन्हा शस्त्रक्रियेचा प्रश्न आला, पुन्हा तीच तपासणी. आकडा आधीच्यापेक्षा कमी होता, तरी बाराशेच्या आसपास होताच. या वेळी अहवाल त्यांच्या हातात दिला. भूल देणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि शंभर माणसांचे गणित त्यांनी तेलुगू-हिंदीत समजावून सांगितले. आत्यांनी दोनच प्रश्न विचारले: न केल्यास काय होईल, आणि केल्यास रात्री कोण पाहायला येईल. दोन्हींची उत्तरे मिळाली. मग त्यांनी नांदेडला फोन लावला. तासभर बोलणे चालले होते. दाराबाहेर जे ऐकू येत होते ते बहुतांशी लोणच्याविषयी होते.

सकाळी संमतिपत्र आले. आत्यांनी चष्मा लावून ते सगळे वाचले, खाली देवनागरीत पूर्ण नाव लिहून सही केली, आणि डॉक्टरांनी आपल्या सहीखाली तारीख घातलेली नव्हती, ती त्यांना घालायला लावली.